‘कोंबडी नाय ना यात?’

शेवंताबाई दवाखान्यात आल्या की आधी माझी नखं बघायच्या. टेबलावर कुत्रा चढवायचा, त्याचा पट्टा डाव्या हाताला गुंडाळायचा आणि माझ्याकडे बघत म्हणायचं, "हात दाखवा, डॉक्टर." पहिल्यांदा मला वाटलं, बाई हात बघून भविष्य सांगतात की काय. मी हात पुढे केले. त्यांनी ते उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, "अंगठ्याचं वाढलंय. जनावराला हात लावता, काढत जावा." माझ्या कंपाउंडरला हसू आवरेना. दुसऱ्या खेपेला मी सकाळीच नखं काढून बसलो होतो.

तीस वर्षं त्या उमरठच्या पलीकडच्या एका वाडीवर अंगणवाडी चालवत होत्या. निवृत्त झाल्या तरी बोलण्यातली अंगणवाडी गेली नव्हती. मोठ्या माणसाशीही त्या चार वर्षांच्या पोराशी बोलावं तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर रागवायच्या नाहीत, नुसतं त्याच्या खांद्याला धरून मागे नेऊन उभं करायच्या. एकदा आमच्या गावातल्या एका बड्या कंत्राटदाराला त्यांनी असं मागे नेलं होतं, आणि तोही निमूट गेला होता.

त्यांच्या पिशवीत कायम एक लांबट वही असायची. अंगणवाडीत पोरांची वजनं लिहायची सवय, ती हाताला लागून राहिलेली. वजनांवरून त्यांनी एकदा एका तपासणीला आलेल्या साहेबांशीही वाद घातला होता, असं त्याच सांगायच्या. साहेबांचं म्हणणं, अशक्त मुलांचा आकडा फार दिसतोय, जरा बघून लिहा. बाईंनी वजनकाटा पुढे ओढला, एक पोरगी त्यावर बसवली आणि म्हणाल्या, "तुम्हीच बघा साहेब नि तुमच्या हातानं लिवा. काटा माझं ऐकत नाय." साहेब चहा न घेता गेले. हे सांगताना बाई हसायच्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. जे दिसलं ते लिहायचं, आणि लिहिलं त्यावर चालायचं, एवढंच त्यांना माहीत.

कुत्रा मात्र त्यांच्या जन्माच्या हिशेबात न बसणारा होता. त्यांचा मुलगा ठाण्याला एका सोसायटीत ड्रायव्हर. तिथलं एक कुटुंब परदेशी निघालं, त्यांचा लॅब्राडोर कुणाला नको झाला, आणि मुलानं तो शिमग्याला येताना गावी आणून सोडला. नाव ऑस्कर. बाईंच्या शेजारी त्यांची धाकटी जाऊ राहायची, हिराबाई. तिच्या जिभेला ऑस्कर वळेना. "खंड्या म्हना, सोपा हाय," असं म्हणून तिनं बारसं करून टाकलं.

या दोघी जावांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेलेले. दोन घरांत एकच भिंत आणि पुढे एकच अंगण. वाडीतली बाकीची बहुतेक घरं गणपती-शिमग्यापुरती उघडायची, एरवी कुलपं. त्यामुळे वर्षातले दहा महिने त्या टोकाला या दोघीच. भाकऱ्या हिराबाईंनी थापायच्या, कालवण शेवंताबाईंनी करायचं आणि दोघींनी अंगणात बसून जेवायचं. चाळीस वर्षांत एकही संध्याकाळ याला खाडा नाही, असं बाई सांगायच्या. मग थांबून दुरुस्ती करायच्या, "बाळंतपणं सोडून."

खंड्याला खाजेचा त्रास होता. पंजे चाटून चाटून तांबडे केलेले, कानांना वास, पोटावरचे केस गेलेले. पोलादपूरहून मिनिडोअर रिक्षात त्याला पायाशी बसवून बाई महाडला माझ्याकडे आल्या तेव्हा रिक्षातले बाकीचे उतारू पाय वर घेऊन बसले होते. मी गोचीड बघितले, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, काही सापडलं नाही. इंजेक्शन दिलं. पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला बाईंनी वही माझ्यापुढे उघडून ठेवली.

"यात बघा."

त्यात उभे रकाने आखलेले होते. तारीख, सकाळचं खाणं, संध्याकाळचं खाणं, आणि शेवटी रेघा. संध्याकाळी दिवा लावल्यापासून जेवण होईपर्यंत खंड्या जितक्या वेळा खाजवेल तितक्या रेघा. अंडं दिलं, कोंबडीचं काही दिलं की पुढचे दोनतीन दिवस रेघा दाट. भात आणि मासळी दिली की विरळ.

आज मी ती वही डोळ्यांपुढे आणतो तेव्हा मला कळतं की ते काम माझं होतं आणि ते त्यांनी माझ्या आधी, माझ्यापेक्षा चांगलं करून आणलं होतं. त्या दिवशी बाहेर आठ माणसं थांबलेली. मी दोन पानं उलटली आणि वही मिटली.

"खाण्याचीच ॲलर्जी असणार," मी म्हणालो. हे जणू मीच शोधलं होतं. "पण घरचं खाणं अर्धवट पडतं, बाई. आणि सुक्या मासळीत मीठ फार. मी तुम्हाला नाजूक कातडीच्या कुत्र्यांसाठीचं खाणं देतो. आठ आठवडे हेच, आणि पाणी. दुसरं काहीही नाही. बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. एक तुकडा गेला तरी सगळी मेहनत वाया."

माझ्या दवाखान्याच्या पुढच्या भागात औषधं आणि खाद्य विकायला ठेवलेलं असतं. मी फळीवरून पिशवी काढली. पुढच्या बाजूला मेंढीचं चित्र आणि भाताच्या लोंब्या. बाईंनी ती हातात घेतली, चित्र बघितलं, मागे उलटली. मागे सगळी इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी मुळाक्षरं त्यांना यायची ती पोरांना गाणी शिकवण्यापुरती.

"कोंबडी नाय ना यात?"

"नाही हो. मेंढीचं आहे, दिसत नाही का?"

मी मागची बाजू वाचली नव्हती. हे मी आधीच सांगून टाकतो. वाचायला दहा सेकंदं लागली असती. मी पुढच्या माणसाला हाक मारली. बाईंनी तिथेच उभं राहून वहीत लिहिलं. काय लिहिलं ते मी नंतर बघितलं: "डॉक्टरांनी सांगितले, कोंबडी नाही."

पुढचं सगळं त्यांनी माझ्या सांगण्याबाहेर न जाता केलं. खंड्याला अंगणात साखळीला बांधलं, कारण सुटा असला की कुठं तोंड घालेल सांगता येत नाही. हिराबाई रोज आपल्या भाकरीचा शेवटचा घास त्याला द्यायच्या, तो बंद केला. वाडीत कुणी आलं तर बाई आधी त्याच्या हाताकडे बघायच्या. सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा खंड्याचे कान पूर्वीपेक्षा लाल होते आणि बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"रेघा कमी होत नाय, डॉक्टर. माझं काय चुकतंय?"

पिशवीकडे बघावं असं तेव्हाही माझ्या मनात आलं नाही. मी अशा तक्रारी रोज ऐकतो, आणि दहापैकी आठ वेळा घरातलं कुणीतरी मायेपोटी चोरून घालत असतं. मी तेच म्हणालो.

"कुणीतरी घालतंय त्याला."

"कुणी नाय घालत."

"असंच वाटतं सगळ्यांना. शेजारी कोण राहतं?"

बाईंनी खंड्याचा पट्टा सोडून पुन्हा हाताला गुंडाळला. मग म्हणाल्या, "जाऊ."

"तिच्याकडे कोंबडी होते?"

"तिचा भाऊस येतो आयतवारी. तवा करते."

"मग झालं तर," मी म्हणालो.

त्यानंतर चारपाच दिवसांनी मला उमरठला एका म्हशीसाठी जावं लागलं. येताना वाट वाकडी करून मी बाईंच्या वाडीवर गेलो. कुत्रा बघावा, असं स्वतःला सांगितलं. खरं तर त्यांच्या हातचा चहा चांगला असतो. अंगणात पोचलो तो दोघी समोरासमोर उभ्या होत्या. हिराबाई बारीक, काटक, हातात पिठाची परात. शेवंताबाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "हे बघ, डॉक्टरच आले. विचार त्यांना. ते सांगतात कुणीतरी घालतंय."

हिराबाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्ही बघितलंत काय मला घालताना?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," मी म्हणालो.

"मग हिला कुणी सांगितलान?"

मी खंड्याचा कान उलटून बघू लागलो. दोघींपैकी एकीकडेही बघायला नको म्हणून बराच वेळ बघत राहिलो.

"बाय," हिराबाई म्हणाल्या, आवाज एकदम खाली आलेला, "तू नको म्हनलीस त्या दिवसापासनं मी त्याच्याकडं बघत पन नाय. तो माझ्याकडं बघतो नि मी तोंड फिरवते. एक तुकडा गेला असंल तर माझे हात झडू दे."

"मग ह्या रेघा कुठनं येतात?" शेवंताबाईंनी वही पुढे धरली. "तू सांग. खान्यात कोंबडी नाय, घरात कोंबडी नाय, वाडीत दुसरं कोन नाय. मग कुठनं येतात?"

त्यांचा हिशेब बिनचूक होता. त्यातली एकच ओळ खोटी होती आणि ती माझी होती.

हिराबाईंनी परात खाली ठेवली, घरात गेल्या आणि दार लावलं. मी चहा न घेता निघालो. पंधरा दिवसांनी हिराबाई घराला कुलूप लावून नालासोपाऱ्याला मुलाकडे गेल्या. वीर स्टेशनपर्यंत त्यांना सोडायला भाऊ गेला होता, शेवंताबाई गेल्या नाहीत. हे मला बाईंनीच सांगितलं, फोनवर, खंड्याचं औषध विचारता विचारता.

त्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या दुकानात त्याच खाद्याची एक पिशवी फाटली. चिकटपट्टी लावायला मी ती उलटी केली आणि घटकांची यादी माझ्या अंगठ्याखाली आली. मेंढी. तांदूळ. तिसऱ्या नंबरला सुकवलेल्या कोंबडीची पूड. खाली कोंबडीची चरबी. कुणी काही लपवलं नव्हतं. ज्याला वाचायचं होतं त्याच्यासाठी सगळं छापलेलं होतं.

फोन खिशात होता. बाईंचा नंबर होता. मी काय केलं असावं असं तुम्हाला वाटत असेल, ते मी केलं नाही. मी माशाचं आणि बटाट्याचं दुसरं खाद्य मागवलं, आणि या वेळी मागची बाजू तीनदा वाचली. बाई आल्या तेव्हा म्हणालो, "हे देऊन बघू."

"का बदललंत?"

"नवीन आलंय. जास्त चांगलं आहे."

सात आठवड्यांत खंड्याच्या पोटावर केस आले. पंजे पांढरे झाले. रेघांचा रकाना कोरा पडू लागला. बाई तांदळाच्या पापडांचा डबा घेऊन आल्या, माझ्या टेबलावर ठेवला आणि बसल्या. त्या कधी बसत नसत.

"हिरा गेली नि खाज गेली," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं खोटं ठरावं. पन वहीत तसंच दिसतंय."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर कुणाचीतरी गाय आली आणि मी त्या गाईमागे गेलो, जणू ती मला सोडवायलाच आली होती. पापड बायकोनं संध्याकाळी तळले. मुलांनी खाल्ले. मला पोटात बरं नाही, असं मी सांगितलं.

दीड वर्ष असं गेलं. बाई येत राहिल्या, माझी नखं बघत राहिल्या. मधल्या काळात त्या वाळल्या. एकटीसाठी कालवण करायचा कंटाळा येतो, म्हणायच्या. भाकरी त्यांना कधी नीट जमलीच नाही, भात खायच्या. खंड्याच्या वजनावरून माझ्याशी वाद घालायच्या, पण पूर्वीसारखा जोर नव्हता. मी त्यांना टाळायला शिकलो. त्या येणार असल्या की कंपाउंडरला लस द्यायला सांगायचो आणि आत बसायचो.

लसीच्या वेळी एकदा त्या थेट आत आल्या. खंड्या मागोमाग. दार लोटून घेतलं.

"हिराचा मुलगा आला होता," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "कौलं उतरवतोय घराची. म्हनतो, आई आता येत नाय, घर गळून पडन्यापेक्षा सामान विकून टाकतो. मधल्या भिंतीला मी हात लावू देनार नाय म्हनलं. ती माझी पन हाय." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "शिमग्याला तिचा फोन आला होता. मी उचलला नाय. मी बरोबर केलं ना, डॉक्टर? तुम्हाला सगळं ठाऊक हाय म्हनून विचारते. मी बरोबर केलं ना?"

मी सांगितलं. पिशवी, मागची बाजू, तिसरा नंबर, फाटलेली पिशवी, सगळं. सांगताना मी टेबलाकडे बघत होतो. खंड्या माझ्या बुटांचा वास घेत होता.

माझं संपल्यावर बाईंनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात."

"तवा ती नुसती गेली होती. कौलं होती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पापड खाल्लेत का?"

"नाही."

"बरं केलंत." मग पिशवीतून आपला फोन काढून माझ्यापुढे धरला. "लावा. नाव हाय त्यात हिरा म्हनून. मी नाय बोलनार, तुम्ही बोला."

मी लावला. हिराबाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे आवाज मोठा करून मला ओरडावं लागलं. बाहेर बसलेल्या माणसांना सगळं ऐकू गेलं असणार. मी महाडचा डॉक्टर. कुत्र्याच्या खाण्यात कोंबडी होती. मी नाही म्हणून सांगितलं होतं. चूक माझी. तुम्ही काही घातलं नव्हतं.

पलीकडे कुठल्यातरी टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"मी घातलं नव्हतं ते मला ठाऊकच हाय की," हिराबाई म्हणाल्या. "ते मला काय सांगतोस? मला त्यात नवीन काय?"

चूक माझी, असं मी पुन्हा ओरडू लागलो, तोच त्यांनी मला तोडलं.

"तिला सांग."

"त्या इथेच आहेत. ऐकतायत."

फोन दोघींच्या मध्ये, माझ्या हातात. शेवंताबाई फोनकडे वाकल्या. मग अंगणातून पलीकडच्या घरात हाक मारावी तशा म्हणाल्या, "हिरे! जेवलीस काय गो?"

"जेवले," पलीकडून आवाज आला. थोड्या वेळानं, "तू?"

"जेवेन."

हिराबाईंनी फोन ठेवला. त्याआधी तिकडून रडण्याचा आवाज आला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही.

बाईंनी पट्टा हाताला गुंडाळला. मला वाटलं, आता जातील. पण त्यांनी वहीचं एक कोरं पान फाडून टेबलावर ठेवलं. "कोंबडीला इंग्रजीत काय काय लिवतात तेवढं लिवून द्या. मोठ्या अक्षरात. अंड्याला पन." मी लिहून दिलं. पाच-सहा शब्द झाले. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावले, घडी घातली आणि गेल्या. हात बघितले नाहीत.

त्या वर्षी गौरींना हिराबाई वाडीवर आल्या. आपल्या घराचं छप्पर उतरलेलं, म्हणून शेवंताबाईंकडे उतरल्या. पाच दिवस राहिल्या आणि परत गेल्या. आता तिकडची सवय झाली, डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचंय, नातीची शाळा आहे, असं काही काही त्यांनी सांगितलं. ही सगळी कारणं खरी असतील. हे मला उमरठच्या म्हशीवाल्यानं सांगितलं. शेवंताबाई माझ्याकडे आता फक्त लसीला यायच्या, कारण जवळ दुसरं कुणी नव्हतं. बोलायच्या तेवढ्याच सावकाश. रागावल्या असत्या तर मी माफी मागितली असती. पण त्यांनी तशी संधी दिली नाही. एवढंच की मी सुई भरायच्या आधी त्या लसीची बाटली मागून घ्यायच्या.

शेवटचं मी त्यांना बघितलं ते गेल्या हिवाळ्यात, महाडच्या बाजारपेठेत. नवीन निघालेल्या एका खाद्याच्या दुकानापुढे खंड्या बाहेर बसला होता. थकलेला, तोंडाभोवती पांढरा, पण कातडी स्वच्छ. बाई आत काउंटरपाशी उभ्या होत्या. मी स्कूटर थांबवली, उतरलो नाही.

एका हातात खाद्याची पिशवी पालथी धरलेली, दुसऱ्या हातात तो कागद. कागद घड्यांवर झिजला होता, मधोमध चिकटपट्टी लावलेली. चष्मा नाकावर ओढून त्या कागदावरचं पहिलं अक्षर बघायच्या, मग पिशवीवर बोट फिरवत तसं अक्षर कुठं दिसतं का ते शोधायच्या. मग दुसरं अक्षर. त्यांच्यामागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"मावशी, कोंबडी नाही त्यात," दुकानदार म्हणाला. "मी सांगतोय ना."

"सांगाल हो तुम्ही," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. बोट पुढच्या ओळीवर नेलं.